वेस्टर्न गेमवर मत कसं द्यावं : खंडाळा तालुक्यातील इच्छुकांसाठी मार्गदर्शन

पात्रता

घोडे, धूळ, पिस्तुलं आणि टोप्या असलेला, शिवाय माउसने टिचक्या मारत कोडी सोडवायची असलेला संगणकावरचा गेम, यावर मत देण्यासाठी अमेरिका पाहिलेली असावी लागत नाही. ही अट कुणी घातली असती तर वेस्टर्न हा प्रकारच निम्म्याने कमी झाला असता. विनेटू हा अपाची नायक जगाला दिला कार्ल माय या जर्मन लेखकाने. गृहस्थ अमेरिकेला गेले ते 1908 मध्ये, पुस्तकं खपून नाव झाल्यावर, आणि तेव्हाही त्यांनी पश्चिमेचं तोंड पाहिलं नाही. लकी ल्यूक हा काऊबॉय मॉरिस नावाच्या बेल्जियन चित्रकाराचा. सर्जिओ लिओनी इटलीचा, त्याचं वाळवंट स्पेनमधलं, आणि 1964 च्या त्याच्या गाजलेल्या चित्रपटाची गोष्ट कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून उचललेली, ज्याबद्दल जपान्यांनी त्याला कोर्टात खेचलं. इतक्या लांबलांबच्या मंडळींनी हात धुऊन घेतल्यावर खंबाटकीच्या पायथ्याशी राहणाऱ्याने संकोच करण्याचं कारण नाही.

मात्र सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकावा. आपला खंडाळा सातारा जिल्ह्यातला. लोणावळ्याशेजारचा तो दुसरा. 1998 साली ‘गुलाम’ चित्रपटातलं खंडाळ्याचं गाणं आलं तेव्हापासून हा खुलासा करावा लागतो आणि ऐकणारा तो विसरतो. तरीही करावा.

आणि खरं सांगायचं तर आपली पात्रता इतरांपेक्षा जास्त आहे. वेस्टर्नमधलं गाव म्हणजे असतं काय? एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, एक खानावळ, एक लोहार, एक तबेला, आणि गावात थांबायची मुळीच इच्छा नसताना थांबावं लागलेली माणसं. घाट चढण्याआधी गाडीला पाणी दाखवणारे ट्रकवाले, पंक्चरवाला, रात्री दोनला उघडा असलेला ढाबा, हे ज्याने लहानपणापासून पाहिलंय त्याला सलूनचं झुलतं दार समजावून सांगावं लागत नाही. रेल्वेने वळसा घेतला की तिकडची गावं ओस पडत. इकडे खंबाटकीला नवे जुळे बोगदे खोदायला घेतले तेव्हापासून, त्यांच्यामुळे कुणाच्या चहाचं काय होणार, ही चर्चा ढाब्यावर चालतेच. न्यूयॉर्कच्या समीक्षकाला हा विषय पुस्तकातून वाचावा लागतो.

साहित्य

महागडा संगणक नको. जुने गेम ‘स्कमव्हीएम’ नावाच्या मोफत प्रणालीवर चालतात. ती 2001 पासून आहे आणि आता फोनवरही चालते. माउस चालू असावा. पाठीमागे उभा राहून “त्या बादलीवर दाबून बघ की” असं म्हणणारा एक मित्र लागतो. तो स्वतः कधीच खेळत नाही, पण त्याचं मत तुमच्याआधी एसटी स्टँडवर पोचलेलं असतं.

चार नावं तोंडपाठ करा. ‘गोल्ड रश’ (1988), ‘फ्रेडी फार्कस : फ्रंटियर फार्मासिस्ट’ (1993), ‘थ्री स्कल्स ऑफ द टोल्टेक्स’ (1996, हा स्पेनमधला), आणि ‘रोझवॉटर’ (2025). एवढ्यावर दोन तास सहज निघतात.

कृती

तोंड उघडताच हातातल्या गेमबद्दल बोलू नये. आधी “पूर्वीची सर नाही” असं म्हणावं आणि समोरच्याने घेतलेल्या नावापेक्षा जुनं नाव घ्यावं. तो ‘रोझवॉटर’ म्हणाला तर आपण ‘फ्रेडी’. तो ‘फ्रेडी’ म्हणाला तर आपण ‘गोल्ड रश’. आणि तो पट्ठ्या आधीच ‘गोल्ड रश’ म्हणाला तर शांतपणे सांगावं, “पण तो क्लिकचा नव्हेच. त्यात वाक्यं टाइप करावी लागतात.” हे खरंच आहे. ब्रुकलिनहून कॅलिफोर्नियाला जायला त्यात तीन वाटा आहेत : बैलगाडीने जमिनीवरून, पनामामार्गे, किंवा केप हॉर्नला वळसा घालून जहाजाने. यातली कुठलीही निवडा, वाटेत रोगराईने तुमचा नायक अचानक मरू शकतो आणि त्यात तुमची काहीही चूक नसते. या प्रकाराला एक जण “वास्तववाद” म्हणतो, दुसरा “अन्याय”. 1848 सालच्या प्रवाशांना दोन्ही शब्द मान्य झाले असते. आपण त्या दिवशी चहाचे पैसे कोण देतोय ते पाहून बाजू घ्यावी.

आता कोडी. इथे मत देण्याचा नियम सोपा आहे : सुटलं नाही तर कोडं तर्कशून्य, सुटलं तर बालवाडीचं. मधली जागा रिकामी ठेवावी. ज्यांना पुरावा हवा असतो त्यांच्यासाठी ‘गेब्रियल नाइट 3’ (1999) मधली मांजर कायम तयार असते. नायकाला दुसऱ्याच्या नावावर मोटारसायकल भाड्याने घ्यायची असते. त्यासाठी मांजराचे केस आणि मधासारखा पाक घेऊन तो मिशी बनवतो. ज्याचं सोंग घ्यायचं त्या माणसाला मिशीच नसते, म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोवरही मिशी काढावी लागते. हा गेम वेस्टर्न नाही, मराठी मुलखात तो खेळलेले थोडेच, पण वादात हे उदाहरण आलं की समोरचा गप्प बसतो. बसतोच.

तुम्हाला जाणकार म्हणवून घ्यायचं असेल तर आणखी एक पायरी चढा. त्या काळात दोन घराणी होती. सिएरा कंपनीच्या गेममध्ये नायक पावलोपावली मरे, आणि पहिल्या प्रसंगात एखादी वस्तू उचलायची राहिली तर पुढे तासन्‌तास खेळून वाट बंद. लुकासफिल्मच्या रॉन गिल्बर्टने 1989 मध्ये एक लेख लिहून या सगळ्याची हजेरी घेतली आणि पुढच्याच वर्षी ‘मंकी आयलंड’मध्ये आपलं म्हणणं करून दाखवलं. सिएरा मात्र अडलेल्या खेळाडूंना सूचनांची पुस्तकं विकायची, फोनवर पैसे घेऊन सल्लाही द्यायची. वाट कुणी अडवली आणि टोल कुणी घेतला, एवढंच नोंदवून मी पुढे जातो. पुणे-सातारा रस्त्याच्या वाचकाला जास्त सांगायला नको.

‘फ्रेडी फार्कस’वर जरा थांबायला हवं, कारण यावरची मतं सर्वांत मासलेवाईक आहेत. गाव कोर्सगोल्ड, कॅलिफोर्निया, साल 1888. नायक एकेकाळचा बंदूकबाज. चकमकीत एक कान उडाल्यावर तो धंदा सोडून औषधांचं दुकान घालतो. अल लोव आणि जॉश मँडेल या जोडीचं हे काम, म्हणजे विनोद कधी वरच्या मजल्यावरचा, कधी थेट गटारातला. गावातल्या घोड्यांना वायू होतो आणि त्या दर्पाने माणसं धोक्यात येतात. गोगलगाईंचा लोंढा गावावर चालून येतो. गोगलगाईंचा. नायकाला नियमाप्रमाणे एक इमानी ‘इंडियन’ सोबती आहे, फक्त तो आपल्या इकडचा, श्रीनी नावाचा. हॉलिवूडच्या वेस्टर्नची अशी फिरकी तिकडच्याच लोकांनी घ्यावी हे मला आवडतं. श्रीनीच्या तोंडी घातलेली लांबलचक इंग्रजी मात्र आज ऐकताना थोडी बोचते. दोन्ही म्हणावं. कुणी एकच म्हणायला सांगितलं तर चहा संपवून उठावं.

पण खरा वाद दुकानातला. गिऱ्हाईक चिठ्ठी आणतं, आणि औषध कसं बनवायचं ते गेमच्या खोक्यात दिलेल्या छापील पुस्तिकेत असतं. कुठली पूड किती, कुठल्या भांड्यात, सगळं त्या पुस्तिकेत. चोरून कॉपी करणाऱ्याला अडवायची ही युक्ती होती. ज्यांच्याकडे पुस्तिका होती ते म्हणाले, हे काय, नुसतं पुस्तकात बघून उतरवायचं, यात कोडं कुठाय? ज्यांच्याकडे नव्हती ते म्हणाले, हे अशक्य आहे. आपल्याकडे त्या काळी बहुतेक गेम कुणाच्या तरी भावाकडून, मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवर यायचे. पुस्तिका कसली आणि खोकं कसलं! म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचं मत दुसऱ्या गटातलं असणार हे ठरलेलंच होतं. औषधविक्रीचं ज्ञान नसताना दुकान चालवू पाहणाऱ्यांना सिएराने पहिल्याच काउंटरवर पकडलं, आणि आपण मात्र “गेम बंडल हाय” म्हणून मोकळे झालो.

चालीबद्दलची तक्रार प्रत्येक मतात असावीच. या जातीच्या गेममध्ये टिचकी मारली की नायक पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच्या पायांनी जातो. लोणंदच्या कांदा बाजारातून परत येताना दोघांचं बोलणं साधारण असं व्हावं :

“कसा हाय रं गेम?”

“लय भारी. पर गडी चालतो लय सावकाश.”

“मग पळव की त्याला.”

“डबल क्लिक केलं की पळतो.”

“मग सावकाश कसा?”

“म्या उशिरा केलं डबल क्लिक.”

हे संभाषण कुठल्याही गेमला जसंच्या तसं चालतं.

अस्सलपणाचा मुद्दा जपून वापरावा. “हे खरं वेस्ट वाटत नाही” असं म्हणण्याची फार हौस असते. म्हणावं, पण वाई शेजारीच आहे हे लक्षात ठेवून. ‘गंगाजल’ (2003) मधला बिहार वाईत उभा राहिला, ‘दबंग’ (2010) मधला उत्तर प्रदेशही तिथेच, आणि ‘स्वदेस’ (2004) च्या गावासाठी मेणवलीचा घाट कामाला आला. कृष्णेच्या काठावर बिहार बसवून घेतलेल्या जिल्ह्याने स्पेनमध्ये बनलेल्या मेक्सिकोला नावं ठेवावीत का, हा प्रश्न कुणीतरी विचारेलच. विचारला तर विषय बदला : काऊबॉयचा धंदा, त्याची दोरी, त्याचं रोडिओ, हे सगळं मुळात मेक्सिकन वाकेरोंचं. हे खरं आहे, आणि सांगितल्यावर टपरीवर दोन मिनिटं शांतता पसरते.

‘रोझवॉटर’बद्दलचं ठरीव मत असं : बोलतात फार. फ्रान्सिस्को गोन्सालेस या एकाच माणसाच्या डोक्यातून हा गेम आला. एकोणिसाव्या शतकातली काल्पनिक अमेरिका, लेखणीवर पोट भरू पाहणारी हार्ली लेजर नावाची बाई, हरवलेल्या धनाचा शोध आणि वाटेत जमलेले सोबती. कोडी सोपी आहेत, ही तक्रार मला मान्य. गप्पा लांबतात, हीसुद्धा. पण त्या गप्पांत तुम्ही कुणाची बाजू घेतली, कुणाला तोडून बोललात, यावर सोबती तुमच्याशी कसे वागतात ते ठरतं, आणि तेच तर त्या प्रवासात घडत असतं. गप्पा टाळायला एंटरवर बोट ठेवणाऱ्याला शेवटी धन मिळेल, पण कुणाबरोबर मिळालं ते कळायचं नाही. हे वाक्य मत म्हणून वापरू नका, लोक हसतील. “ग्राफिक्स भारी” म्हणा.

“ग्राफिक्स भारी” विषयी

या मतावर शहरी जाणकार नाक मुरडतात, म्हणून दोन शब्द. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीत भेटायचं. आणि हे गेम तर वाक्यांवर चालतात; विनोद वाक्यात, खूण वाक्यात, धमकीही वाक्यात. सहावीतला मुलगा संवाद सोडून देई आणि पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूवर टिचकी मारत सुटे, पिंपावर, खोगिरावर, खिडकीवर. त्याला दिसलं ते त्याने सांगितलं. त्यातल्या काहींनी डिक्शनरी उघडली आणि होल्स्टर, सॅडल, अनव्हिल हे शब्द शाळेच्या पुस्तकाआधी पाठ केले. जगण्यात त्यांचा काही उपयोग झाला नाही, पण इंग्रजीची भीती मोडली. आज पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ (2020) काढून दाखवला आहे, म्हणजे खंडाळ्याहून दीड-दोन तासांवर गेम तयार होतात. टिचकीचा, बोलक्या पात्रांचा, मराठीत बोलणारा गेम मात्र अजून माझ्या पाहण्यात नाही. “लय बोलतो” ही तक्रार आपल्या भाषेत करायची संधी कुणीतरी द्यावी.

खबरदारी

उत्तरांची वही पाहून गेम संपवला असेल तर “एका बैठकीत उरकला” असं सांगू नका. बैठकीचा हिशेब विचारणारे असतात. शेवट कुणाला सांगू नका. तोडगा तर मुळीच सांगू नका, कारण ज्याला तोडगा मिळतो तो लगेच “सोपा होता” म्हणतो, आणि तुमचे चार दिवस मातीत जातात.

आणि कुणी सरळ विचारलंच, बाबा, यातलं काय खेळू, तर उगाच आढेवेढे न घेता सांगा. ‘फ्रेडी’ आधी खेळा, पण पुस्तिकेसकट. आता तो विकत मिळतो, तेव्हा विकतच घ्या. ‘रोझवॉटर’ दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा आणि एंटरवरून बोट काढा. ‘थ्री स्कल्स’ विनोद चालत असेल तरच. ‘गोल्ड रश’ला हात घालण्याआधी खेळ वारंवार सेव्ह करायची सवय लावून घ्या, आणि मेलात तर आम्हाला बोल लावू नका.