पहिल्या बॅचचा

नेरळमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या दोन जाती आहेत. एक आम्ही. जुन्या, मोठ्या, अनुदानित शाळेत गर्दीने शिरलेले आणि गर्दीनेच बाहेर पडलेले. शाळा आम्हाला आठवते, पण शाळेला आम्ही आठवत असू असा संशयसुद्धा कधी आमच्या मनाला शिवत नाही. दुसरी जात 'पहिल्या बॅचची'. हा माणूस कर्जतहून आलेल्या लोकलमध्ये नेरळला चढतो, शेलूपर्यंत बॅग लावतो आणि वांगणीच्या आत कुठल्याही विषयाला आपल्या शाळेच्या दारात आणून उभा करतो. विषय पेट्रोलच्या भावाचा असो की भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा, "आमच्या शाळेत काय होतं माहितीये का..." हे यायचंच. आणि वाक्याच्या शेवटी, सही केल्यासारखं, "मी पहिल्या बॅचचा ना!"

ही जात कशी जन्माला आली ते आधी सांगायला हवं. १९९०नंतर ठाणे-डोंबिवलीची घरं नोकरदाराच्या हाताबाहेर गेली, तशी माणसं एकेक स्टेशन पुढे सरकू लागली. बदलापूर झालं, वांगणी झालं, मग नेरळ. माणसं आली, त्यांच्यामागून त्यांच्या मुलांसाठी 'इंग्लिश मीडियम' आलं. ते काही इमारत बांधून आलं नाही, कुणाच्या तरी रिकाम्या बंगल्यात आलं. हॉलमध्ये ज्युनिअर केजी, आतल्या खोलीत सीनियर केजी, व्हरांड्यात ऑफिस. पुढे स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. याला आम्ही हसायचो, पण विचार केला तर त्यात चूक काहीच नव्हती. ओटा होता, नळ होता, मोरी होती, वर धूर जायला झरोका होता. फळीवर पूर्वी जिथे हळद-तिखटाचे डबे असत तिथे मोरचूद आणि तुरटीच्या बाटल्या आल्या, एवढाच फरक. एका बरणीवर तर 'साबुदाणा' ही चिठ्ठी तशीच राहिली होती आणि आत गंधक होतं. "त्यामुळे आम्ही लेबलवर विश्वास ठेवत नाही," असं हा आजही सांगतो, आणि औषधाच्या दुकानात गोळ्यांचं पाकीट तीनदा उलटसुलट करून बघतो.

आता मुख्य मुद्दा. ही शाळा दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत गेली, आणि वाढीव इयत्तेत बसायला दरवर्षी हीच मुलं होती. म्हणजे हा सीनियर केजीत होता तेव्हा शाळेतला सगळ्यात वरचा वर्ग सीनियर केजी. चौथीत गेला तेव्हा शाळेत सगळ्यात मोठा तो चौथीतला. वयाच्या पाचव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत या माणसाच्या डोक्यावर कधी कुणी नव्हतंच! आम्हाला पाचवीत गेल्या गेल्या दहावीच्या पोरांनी टपल्या मारून जगाची रीत शिकवली. याला कुणी टपली मारली नाही, कुणाची जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळाली नाहीत, आणि अमुक सर कुठला प्रश्न हमखास विचारतात हे कानात सांगणाराही कुणी नव्हता. अकरावीला कॉलेजात गेल्यावर त्याने पहिल्यांदा सीनियर नावाचा प्राणी बघितला. तो धक्का अजून ओसरलेला नाही. ऑफिसात साहेबाने हाक मारली की हा आधी मागे वळून बघतो, मग "मला?" असं विचारतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र कुणी न सांगता मधल्या खुर्चीत जाऊन बसतो. त्यात उद्धटपणा नसतो. खुर्ची रिकामी दिसली की ती आपलीच, हा बालपणीचा संस्कार.

वर्गात मुलं दहा. दहाच असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला एक तरी पद आलंच. हा हेड बॉय होता, प्रार्थना सांगणारा होता, स्काउट होता, स्नेहसंमेलनाचा निवेदक होता आणि घंटा वाजवणाऱ्या मावशी रजेवर असल्या की घंटाही याचीच. कबड्डीला दोन बाजू मिळून चौदा लागतात, म्हणून कबड्डी बाद. खो-खोला मात्र आठ बसले, एक धावला की संघ पुरा. मुलं-मुली मिळून अख्खा वर्ग एकच संघ, आणि पळायला समोर कुणीच नाही. "खो-खोत आम्ही कधी हरलो नाही," असं तो म्हणतो, ते अक्षरशः खरं आहे. दहावा मुलगा राखीव. हा दहावा लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

एका वर्षी मराठीच्या बाईंनी भाई कोतवालांवर नाटुकलं बसवलं. कोतवाल मूळचे माथेरानचे, म्हणजे आमच्या डोक्यावरच्याच डोंगरातले. वकील झाले, बेचाळीसच्या चळवळीत 'आझाद दस्ता' उभा केला, मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झाले. नेरळ-कर्जतमध्ये हे पोराटोरांना पाठ असतं. पण पात्रं दहा आणि इतिहास मोठा. कोतवाल अर्थातच हा. हिराजी पाटील झाला तो पहिल्या प्रवेशात खबऱ्याही होता आणि शेवटच्या प्रवेशात पोलिसाची टोपी घालून स्वतःलाच शोधत फिरत होता. दहाव्या मुलाला काम मिळालं विजेच्या मनोऱ्याचं. हात पसरून उभं राहायचं आणि हाक आली की पडायचं. त्याने ते इतकं मन लावून केलं की टाळ्या कोतवालांना कमी आणि मनोऱ्याला जास्त पडल्या. हे आमचा मित्र सांगत नाही. हे मला त्याच्या आईकडून कळलं.

शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड होता. ऑफिसात पत्र्याचा डबा ठेवला होता, त्यात टाकायचा. मोठ्या टीचर, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः रागावल्या की शुद्ध मराठीत रागवायच्या, पण त्यांना दंड कोण करणार? साठलेल्या पैशांतून शिक्षकदिनाला पेढे यायचे. मराठी भाषा दिनाला आपला हा मित्र लोकलच्या डब्यात उभा राहून सांगतो, "मातृभाषेवरच्या प्रेमाच्या गप्पा सगळेच मारतात. मी त्यासाठी रोख पैसे मोजलेत."

शिक्षक दर जूनला नवे. बी.एड. करून अनुदानित शाळेच्या ऑर्डरची वाट बघत असलेली मंडळी तोवर इथे शिकवायची, ऑर्डर आली की भूगोल अर्ध्यावर सोडून निघून जायची. याच्या वर्गाने आफ्रिका खंड तीन वेळा सुरू केला, संपवला एकदाही नाही. शाळेच्या पाटीवर 'कायम विनाअनुदानित' असं होतं. पुढे २००९ साली सरकारने राज्यातल्या अशा शाळांपुढचा 'कायम' काढला, पण इंग्रजी माध्यमाच्या शाळा त्यातून वगळल्या. म्हणजे यांचा कायम कायमच राहिला. सरकारचा पैसा नाही, तेव्हा पगार फीमधून, आणि फी मोजक्या घरांतून. एखाद्या महिन्यात सर वर्गात येऊन फार मऊ आवाजात "बाबांना आठवण कर हं" म्हणाले की मुलांना कळायचं, सरांचा पगार झालेला नाही. हा माणूस आज सोसायटीचा मेंटेनन्स एक तारखेला सकाळी भरतो. वॉचमनचा पगार झाला का, हेही विचारतो. लोकांना वाटतं खजिनदार व्हायचंय.

पावसाचं सांगायचं राहिलं. सातवीपासून बंगला पुरेना, म्हणून मागे पत्र्याची शेड घातली. नेरळचा पाऊस आणि वर पत्रा म्हणजे जून ते सप्टेंबर तोंडी शिकवणं बंद. सर फळ्यावर लिहायचे, मुलं वहीत लिहायची, शंका चिठ्ठीवर. "आमचं बीजगणित पूर्ण मौनात झालं," तो म्हणतो. २६ जुलै २००५च्या पावसात माथेरानच्या गाडीचा मार्ग जागोजागी वाहून गेला, गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. याची शाळा मात्र चिखल उपसून आठवड्यात सुरू झाली होती. हे तो अजून रेल्वेला ऐकवतो. शाळेला कुणी लहान म्हटलं तरी त्याचं उत्तर तयार असतं. "अरे, ही पीरभॉयने बांधलेली माथेरानची गाडी बघ. रूळ दोन फुटी. १९०७पासून डोंगर चढतेय. तिला कुणी विचारलं का, तुझ्या डब्यात माणसं किती बसतात?"

मी एकदा म्हटलं, "विचारतात ना. तिकीट मिळत नाही म्हणून रोजच विचारतात."

त्यावर अंबरनाथपर्यंत अबोला.

दहावीचं वर्ष आलं आणि शाळेला एकदम दोन गोष्टींची काळजी लागली. पहिली, बोर्डाची मान्यता आणि इंडेक्स नंबर वेळेत येतो की नाही. तो आला. दुसरी, पहिला निकाल. दहातला एक नापास झाला तर निकाल नव्वद टक्के. नव्वद टक्के वाईट नव्हेत, पण बॅनर शंभराचाच लागतो. तेव्हा दहाव्या मुलाच्या वडिलांना ऑफिसात बोलावून, चहा पाजून, फॉर्म नंबर १७चे फायदे समजावून देण्यात आले. खाजगीरीत्या बसेल, ताण कमी, शाळा आपलीच आहे. कच्च्या मुलांना असं बाहेरून बसवून निकालाचा आकडा चकचकीत ठेवायची युक्ती या एकाच शाळेची नव्हे, महाराष्ट्रात ती गावोगाव चालते. बॅनर लागला, नऊ पासपोर्ट फोटो, वर 'शंभर टक्के निकाल'. दहावाही पास झालाच होता, फक्त बॅनरवर नव्हता. मनोरा मान्यतेने पडला, असं मी म्हणणार होतो, पण या विषयावर आमच्या मित्राशी विनोद चालत नाही. तो खिडकीबाहेर बघतो.

परीक्षेचं केंद्र आमच्या शाळेत आलं होतं. पहिल्या पेपरला हा माणूस आमच्या जिन्यात हरवला. एवढे वर्ग, एवढे जिने, ब्लॉकचे नंबर, आणि हजार पोरांपैकी त्याला कुणीच ओळखत नव्हतं. चेष्टा करतोय खरा, पण माझ्या बाजूचंही सांगून टाकतो. आमच्या तुकडीत सत्तर जण होतो. गणिताच्या सरांनी दहावीपर्यंत मला माझ्या मोठ्या भावाच्या नावाने हाक मारली, आणि मीही 'हजर' म्हणत राहिलो. याने डबा खाल्ला नाही तर मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटांत मोठ्या टीचर शेडमध्ये येऊन विचारायच्या. माणूस एवढा आगाऊ का झाला, याचं कारण मी तिथेच शोधतो. त्याला 'दिसत नाही' असं होण्याची सवयच कधी लागली नाही.

आता शाळेची चार मजली इमारत आहे, वर्गांना ए, बी तुकड्या आहेत, फाटकाला वॉचमन आहे. वॉचमन याला आत सोडत नाही. याने 'पहिली बॅच' म्हटलं तर तो "सकाळची का दुपारची?" असं विचारतो. बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, अ‍ॅडमिन अर्थात हाच. दरवर्षी निकाल लागला की 'आपण पाया घातला' अशा मजकुराचं पोस्टर टाकतो. आठ जण हात जोडतात. दहावा, जो आता नेरळ-बदलापूर पट्ट्यात विजेची कंत्राटं घेतो, नुसता अंगठा टाकतो. हा अंगठा शाबासकीचा की ठेंगा, हे ग्रुपमध्ये आजवर कुणी विचारलेलं नाही.

मुलीच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा तालुक्यातल्या शाळा हिंडून त्याने अखेर पिवळ्या बसवाली, मोठ्या पटांगणाची शाळा निवडली. आपली शाळा का नाही, असं बायकोने विचारलं. "आता तिथे पहिल्या बॅचला जागा नाही," हे त्याचं उत्तर. नव्या शाळेतून पहिल्या दिवशी मुलगी उड्या मारत घरी आली. "बाबा, आमच्या बसमध्ये सीनियर्स आहेत. त्यांनी मला खिडकी दिली!" त्या रात्री तो जेवला नीट, पण बोलला कमी, असं वहिनी सांगत होत्या.

गेल्या महिन्यात पासपोर्टच्या कामासाठी दाखल्याची दुसरी प्रत हवी म्हणून तो शाळेत गेला. पोरसवदा क्लार्कने जनरल रजिस्टर नंबर विचारला. "एक नाहीतर दोन असेल, मी पहिल्या बॅचचा," हा म्हणाला. क्लार्कने कपाटाच्या तळातून वाळवीने कोपरे खाल्लेलं पहिलं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि पान उघडलं. दोन नंबरवर हा. एक नंबरवर दहावा. शाळा उघडायच्या आदल्या दिवशीच त्याची आई नाव घालून, फी भरून, पावती घेऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये ही हकीगत त्याने स्वतःच सांगितली, ही त्याची सचोटी. पण शेलू जाईपर्यंत तो सावरला. "त्याला काही अर्थ नाही रे. त्या काळी रजिस्टर आडनावाच्या क्रमाने लिहायचे."

आमच्या मित्राचं स्वतःचं आडनाव 'अ'वरून सुरू होतं. मी ते काढलं नाही. बदलापूर आलं होतं, आणि पुढची दहा मिनिटं कुणालाच बोलायला जागा नसते.