दुसरं पंचांग

'तुमची वेबसाइट पहिल्या पानावर आणून देतो' असं सांगणारा फोन तुम्हाला आजवर आला नसेल, तर एक तर तुमची वेबसाइट नाही किंवा तुम्ही अनोळखी नंबर उचलत नाही. आमचा एक आंबेवाला मित्र उचलतो. रत्नागिरीकडचा बागाईतदार. हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायच्या म्हणून त्याने साइट काढली आणि गेल्या सीझनला अशाच एका फोनवाल्याला वर्षाचे पैसे आगाऊ मोजले. महिन्याने रिपोर्ट आला: तिसरा नंबर! घरात पेढे आले. मग मुलाच्या नव्या लॅपटॉपवर सहज बघायला गेला, तर तिथे दुसरंच सर्च इंजिन उघडलं आणि हा चौथ्या पानावर, कुणाच्या तरी आंबापोळीच्याही खाली. तेव्हापासून त्याचा एकच धोशा: "यातला खरा नंबर कुठला?"

मी त्याला विचारलं, "तुझ्याकडे गणपती कधी बसतो?"

प्रश्न आडवळणाचा वाटेल, पण रत्नागिरीच्या माणसाला नाही. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती दाते पंचांगवाल्यांपेक्षा महिनाभर पुढेमागे होतो. आकाश तेच, चंद्रही तोच. फरक अयनांशाचा, म्हणजे मोजायला सुरुवात कुठून करायची याचा. तेवढ्यावरून अधिक मास वेगळा पडतो आणि एकाच्या मखराची आवराआवर होते तेव्हा दुसऱ्याकडे अजून श्रावणही संपलेला नसतो. पण 'खरी चतुर्थी कुठली' असं तिथे कुणी विचारत नाही. 'तुमच्याकडे पंचांग कुठलं' एवढंच विचारतात आणि मोदक दोन्हीकडे खातात.

सर्च इंजिनं म्हणजे पंचांगंच. आपला गोड समज असा की ती इंटरनेट शोधतात. ती स्वतःची वही शोधतात. त्यांचे यांत्रिक कारकून साइटी वाचत हिंडतात आणि वहीत टिपून ठेवतात. दोघांचे कारकून वेगळे, फेऱ्या वेगळ्या. मित्राने अक्षय्य तृतीयेला भाव बदलले, ते एका वहीत दुसऱ्या दिवशी चढले असतील, तर दुसरीत मागच्या मोसमाचेच असतील. 'पान बदललंय, येऊन बघा' असा निरोप साइटनेच धाडावा अशी एक सोय मायक्रोसॉफ्ट आणि रशियाच्या यांडेक्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढली. त्या दोघांत गूगल नव्हतं. मोठ्या घरी निरोप धाडायचा नसतो, त्यांना सवडीने कळतं.

वही झाली, आता वर कुणाला बसवायचं? १९९४ सालच्या याहूकडे माणसं बसून यादी लावायची, टेलिफोन डिरेक्टरीसारखी. १९९५ ची अल्टाव्हिस्टा पानावरचे शब्द धुंडाळायची. शब्द दहादा लिहिला की नंबर वर, म्हणून लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शंभरदा लिहू लागले. मग लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी लग्नाच्या बाजारातली जुनी रीत लावली: मुलगा स्वतःबद्दल काय सांगतो ते सोडा, स्थळ सुचवलं कुणी ते बघा. ज्या पानाकडे वजनदार पानं बोट दाखवतात ते वजनदार. १९९८ सालच्या त्यांच्या निबंधात आणखी एक गंमत आहे. जाहिरातींवर पोसलेलं सर्च इंजिन वाचकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकणारच, असा इशारा त्यांनी त्याच्या पुरवणीत स्वतःच देऊन ठेवला होता. दोनच वर्षांत त्यांच्या दुकानात जाहिराती विकायला लागल्या. आपल्याकडेही हुंड्याविरुद्ध निबंध लिहून बक्षीस मिळवणारे पुष्कळ असतात.

हे वजन सगळ्यांनी सारखं मोजायला हवं असा काही कायदा नाही. यांडेक्सने तर २०१४ मध्ये मॉस्को भागातल्या काही धंदेवाईक शोधांसाठी अशा शिफारशी मोजणंच बंद केलं, कारण त्या विकत मिळू लागल्या होत्या. वर्षभरात पुन्हा मोजायला घेतल्या. साइट तिथेच बसलेली, मालक तोच, माल तोच. नंबर मात्र खाली, मग वर. याचा जाब मॉस्कोतला दुकानदार 'माझ्या साइटचं काय चुकलं' म्हणून स्वतःलाच विचारत असणार. फोनवाले त्याच्याही देशात असतील.

आता तुम्ही म्हणाल, परीक्षक इतके स्वतंत्र बाण्याचे असतील तर चांगलंच की. तसंही पुरतं नाही. २०१० च्या अखेरीला गूगलला संशय आला की शेजारच्या बाकावरचा मायक्रोसॉफ्टचा बिंग आपली उत्तरपत्रिका बघतोय. त्यांनी मास्तरी सापळा लावला. 'हिब्ब्प्रक्याग' अशा धाटणीचे शंभरेक निरर्थक शब्द जन्माला घातले आणि प्रत्येकासमोर आपल्याकडे मुद्दाम एक असंबद्ध पान चिकटवलं. या शब्दाला तर लॉस एंजेलिसच्या एका नाट्यगृहातल्या खुर्च्यांची मांडणी. मग आपल्याच इंजिनिअरांना बिंगचा टूलबार लावलेल्या संगणकांवरून ते शब्द शोधायला आणि त्या पानांवर क्लिक करायला लावलं. काही आठवड्यांत सात ते नऊ शब्दांची तीच वेडी उत्तरं बिंगवर! बिंगचं म्हणणं, आम्ही कॉपी करत नाही. लोक कशावर क्लिक करतात ते आमच्या हजारभर निकषांपैकी एक आहे. गूगलने तेव्हा नाक मुरडलं. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात गूगलच्याच पांडू नायक यांनी शपथेवर सांगितलं की आमची 'नॅवबूस्ट' नावाची यंत्रणा लोकांचे तेरा महिन्यांचे क्लिक लक्षात ठेवते. म्हणजे क्लिक दोघंही मोजतात. एकाकडे ते ढिगाने, दुसऱ्याकडे चिमूटभर, आणि नंबरांतला बराच फरक या ढीग-चिमटीचाच आहे.

मराठीचं दुखणं आणखी निराळं. 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकीत खाली टिंब असलेला ऱ, दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. वाचताना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. त्यात ते अदृश्य चिन्ह एखाद्या यंत्राने कचरा समजून झाडून टाकलं, की लग्नाच्या आचाऱ्यांना शोधणाऱ्याला आचार्यांना बोलवावं लागतं आणि सह्याद्रीच्या दऱ्या सरळ दर्यात बुडतात. एकाने चिन्ह जपलं आणि दुसऱ्याने झाडलं, तर त्याच मराठी पानाचे दोन नंबर पडणारच. युनिकोड रुळण्याआधी तर मराठी साइटी आपापल्या खासगी फॉन्टांत असायच्या. आपल्याला अग्रलेख दिसायचा, यंत्राला रोमन अक्षरांचा चिवडा. तेव्हा नंबर सगळीकडे सारखा होता: नव्हताच.

तर मित्राला मी सांगितलं की बाबा, नंबर हा तुझ्या साइटचा गुण नव्हे. ते एका दुकानाचं तुझ्याबद्दलचं मत आहे. दोन दुकानांची मतं जुळत नाहीत यात वाईट काही नाही. उलट जुळू लागली की घाबर.

कारण दुसरं पंचांग लागतं ते साक्षीला. ब्रिटनमधल्या शिवॉन आणि ॲडम रॅफ या दांपत्याने 'फाउंडेम' नावाची भावांची तुलना करून देणारी साइट काढली. जून २००६ मध्ये ती गूगलच्या निकालांतून दिसेनाशी झाली. आपलंच काही बिघडलं असेल असं त्यांना प्रथम वाटलं, कुणालाही वाटेल. पण याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चमध्ये तीच साइट, तीच पानं व्यवस्थित वर होती. साइट खरंच टाकाऊ असती तर तिघांनीही टाकली असती. नंबरांतल्या या तफावतीनेच त्यांना दाखवलं की गोम आपल्या पानांत नाही, एका वहीत आहे. अर्ज-विनंत्या करून थकले आणि २००९ मध्ये त्यांनी युरोपीय आयोगाचं दार ठोठावलं. आयोगाला चौकशीत जे सापडलं ते असं: गूगल भावतुलनेची स्वतःची सेवा निकालांच्या माथ्यावर मांडत होतं आणि प्रतिस्पर्ध्यांपैकी सगळ्यात वरचाही सरासरीने चौथ्या पानावर निघत होता. आमच्या आंबेवाल्याने इथे 'माझंही चौथंच!' म्हणून टाळी मागितली. त्याला म्हटलं, तुझं कारण बहुधा साधं आहे, तुझ्या साइटवर आंब्याचा फोटो आहे आणि आंब्याबद्दल अक्षर नाही.

आपल्याकडेही २०१८ च्या फेब्रुवारीत स्पर्धा आयोगाने सर्चमधल्या पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटींचा दंड ठोठावला. तक्रारदारांत लग्नं जुळवणारी एक कंपनी होती. शिफारशीचं वजन म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

प्रश्न इतकाच की दुसरं पंचांग उरलंय कुठे. कपाटात पुष्कळ दिसतात: डकडकगो, इकोसिया, याहू. पण २३ मे २०२४ ला बिंग काही तास आडवं झालं तेव्हा डकडकगो आणि इकोसियाही आडवी झाली, कारण मुखपृष्ठं निराळी असली तरी आतली पानं बरीचशी बिंगच्याच छापखान्यातली. एके काळी स्वतः यादी लावणारी याहूसुद्धा आधी गूगलकडून आणि नंतर बिंगकडून निकाल उसने घेत आलीय. आणि ज्याचा छापखाना मोठा, तो पंचांग घरोघर फुकट टांगून येतो. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपणच असावं यासाठी गूगलने एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजले, असं अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात बाहेर आलं. तिथले सुमारे नव्वद टक्के शोध त्याच्याकडे जातात. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये याला बेकायदा मक्तेदारी ठरवलं.

फाउंडेमच्या बाजूनेही निकाल लागला. युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. फाउंडेम २०१६ सालीच बंद झाली होती.