वाडीवरचा निवांत नाताळ : इच्छुकांसाठी मार्गदर्शन

नाताळाआधीचा आठवडा वसईच्या वाडीवर किती निवांत जातो, हे मुंबईत राहणाऱ्या नातेवाइकांना चांगलं ठाऊक असतं. वाडीवर राहणाऱ्यांना ते अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी.

सर्वप्रथम वाडी हवी. ती विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. आजच्या भावात वाडी फक्त वारशानेच परवडते, आणि वारशाची म्हटली की सातबाऱ्यावर चार आत्या आणि कॅनडात गेलेला एक काका असायचाच. वाडीत केळी, पानवेल, थोडा भाजीपाला, दारात म्हैस आणि जमल्यास एखादं बावखल असावं. गोड्या पाण्याचं हे तळं जिवंत असलं की आजूबाजूच्या विहिरींना पाणी राहतं. बुजवलं की त्यावर इमारत उभी राहते. आगमनकाळाचे चार आठवडे ख्रिस्ताची वाट पाहायची असते. वाट न पाहता येतो तो जमिनीचा एजंट. त्याच्या हातात मनुका ठासून भरलेला केक असतो. केक ठेवून घ्यावा. बावखल दाखवू नये.

निवांत दिवस पहाटे चारला सुरू करावा. म्हशीला तसं वेगळं सांगावं लागत नाही. दूध काढून होईतो दादरला भाजी घेऊन जाणाऱ्या काकींच्या पाट्या भरून तयार हव्यात, कारण गाडी आणि गिऱ्हाईक दोघांनाही आगमनकाळ माहीत नाही. मग पानवेलीची पानं खुडावीत, केळीचे घड उतरवावेत आणि सकाळी नऊच्या सुमारास उठलेल्या पाहुण्यांना ‘झोप झाली ना?’ असं विचारावं.

यानंतर गव्हाणी. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. त्याचं सोपं होतं, त्याला गावातल्या स्पर्धेत पहिला नंबर काढायचा नव्हता. आपल्या घरामागे खरा गोठा, खरी म्हैस, खरं शेण आणि खऱ्या माश्या असतात. तरीही पुढल्या अंगणात पुठ्ठ्याचा गोठा उभारावा. त्यासाठी खऱ्या गोठ्यातला पेंढा न्यावा. म्हशीने तक्रार केल्यास तिला सणाचं महत्त्व समजावून सांगावं. बेथलेहेमची कुरणं हिरवीगार दिसावीत म्हणून आठवडाभर आधी ताटलीत नाचणी किंवा गहू पेरावा. कुरण बोटभर वाढलं की कोंबड्या येतात. मेंढपाळ प्लास्टरचे असल्यामुळे त्यांच्याकडून राखणीची अपेक्षा ठेवू नये. बाळ येशूची मूर्ती 24 तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत मांडायची नसते. ती गेल्या जानेवारीत नेमक्या कोणत्या कपाटात ठेवली, हे 24 च्या संध्याकाळी आठवायला बसू नये. वाडीवरच्या घरात कपाटं फार.

आता कुलकुलं. नवशिक्यांनी हे सगळं नीट वाचावं. मैदा, अंडी, साखर आणि नारळाचं दूध घालून पीठ मळावं. चण्याएवढी गोळी घ्यावी, कोऱ्या फणीच्या दात्यांवर अंगठ्याने दाबून पसरावी आणि कडेपासून गुंडाळत आणावी. शिंपल्यासारखी वळकटी झाली पाहिजे, अंगावर फणीच्या रेघा स्पष्ट उठल्या पाहिजेत. पहिल्या पन्नासेक गोळ्या होईतो हे फार रमणीय वाटतं. त्याच सुमारास पाहुणे फोटो काढतात. फोटो झाले की पाहुण्यांना बावखल आठवतं, मुलांना अभ्यास आठवतो, आणि परातीपाशी आजी, सून व उरलेलं तीन किलो पीठ एवढेच राहतात. आजीने वळलेली कुलकुलं तळताना सुटत नाहीत. जावयाने वळलेली तेलात पडताच उलगडतात. ती वेगळ्या डब्यात भरून त्याच्यासोबतच परत पाठवावीत. फणी नंतर धुऊन पुढल्या वर्षासाठी लपवावी. न लपवल्यास ती केसांत सापडते.

बदकाबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. नाताळाच्या मोयलीसाठी पाळलेल्या बदकाला मुलांना नाव ठेवू देऊ नये. नावं ठेवण्यासाठी घरात पाहुणे आहेत. हा नियम प्रत्येक घरात मोडला जातो, त्यामुळे 22 तारखेपासून बदक दिसेनासं होतं. शोधाल तर ते धाकट्या लेकीच्या पलंगाखाली, टोपलीखाली, चांगल्यापैकी माजलेलं सापडेल. अशा वेळी वडिलांनी घसा खाकरून ‘शेतकऱ्याच्या घरात असं चालत नाही’ असं सांगावं, आणि संध्याकाळी गुपचूप बाजारातून कोंबडी आणावी. पंगतीत कोणी विचारलं तर यंदा मोयलीला मसाला जरा वेगळा पडलाय म्हणावं. मसाला आजीने उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, कुटून बाटल्यांत ठासलेला असतो, आणि तिच्यादेखत हे वाक्य उच्चारायचं झाल्यास मोयली वाढून होईपर्यंत थांबावं.

रात्री नाताळगाणी म्हणणारी पोरं येतात. ती गिटार सुरात लावूनच यावीत असा आग्रह धरू नये. सांताक्लॉज घामाने निथळत असतो, त्याला आधी पाणी द्यावं, मग वर्गणी.

मध्यरात्रीच्या मिस्सेला चर्चच्या पटांगणात कडेची खुर्ची धरावी. पहाटेपासून राबलेल्या माणसाला प्रवचनात झोप येते आणि कडेला बसलं तर ती प्रार्थनेत गणली जाते.

राहता राहिली ताटं. करंज्या, कुलकुलं, केकचा तुकडा असं ताट विणलेल्या रुमालाखाली झाकून शेजारीपाजारी पोचवायचं असतं. दिवाळीत ज्यांच्या चकल्या खाल्ल्या त्यांच्याकडे आधी. ताट रिकामं परत करायची रीत नसल्यामुळे प्रत्येक घरातून बदली फराळ येतो, तो पुढल्या ताटात जातो, आणि वाडीचे सगळे पदार्थ दोन दिवस एकमेकांच्या घरी फिरत राहतात. 26 तारखेला चौथ्या घरून आलेल्या ताटात ओळखीच्या फणीच्या रेघा दिसल्या तर चेहरा कोरा ठेवावा, एक तोंडात टाकावं आणि त्यांच्याकडची कुलकुलं दरवर्षी जरा कडकच होतात म्हणावं.