तो तुझ्या साइडचा ना?

नाइट ड्यूटीला दोघी सिस्टर असल्या की एकीच्या वाट्याला वॉर्ड येतो, दुसरीच्या वाट्याला चार्जिंग पॉइंट. दारू अचानक बंद झाल्याने भ्रमात गेलेले काका ‘एसटी चुकेल माझी’ म्हणत कॉटवरून उतरतात, सलाईन उपसतात. चादरीवर रक्त, खाली सांडलेलं युरिन पॉट. दोन हात कुठे कुठे पुरणार? बाकीचे दोन नर्सिंग स्टेशनवर रील सरकवण्यात गुंतलेले. हाक मारली तर शांतपणे उत्तर येतं, ‘अगं, तो तुझ्या साइडचा ना?’ काकांना रात्र कळत नाही की दिवस. हिला मात्र वॉर्डाची सीमारेषा झोपेतही पाठ. वॉर्डबॉय मामा ‘आलोच’ म्हणून गेलेत, ते आता चहालाच उगवतील.

सकाळी ओव्हर देताना पुढे तीच. ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही!’ खरंच आहे ते, फोन दोनदा चार्ज झाला.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो, शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात 3 रुग्णांमागे 1 परिचारिका हवी. आम्ही चाळीस खाटांना दोघी, त्याही कागदावर. इनचार्ज सिस्टर, जास्तीची माणसं मिळतील तेव्हा मिळतील. आज रात्री काकांना तेवढं तिच्या साइडला हलवा.