कान : नॉर्मल

महाराष्ट्रात कमी ऐकू येणाऱ्यांची संख्या कधी वाढते, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारू नका. जिल्हा परिषदेत विचारा. शिक्षकांच्या बदल्या निघाल्या की! बदलीत सवलत मिळणाऱ्या ‘संवर्ग एक’मध्ये बसायचा एक मार्ग म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र, आणि दुसऱ्याला न दिसणाऱ्या व्यंगात कान सगळ्यात सोयीचा. प्रकरण इतकं वाढलं की फेरतपासण्या लावाव्या लागल्या, काही ठिकाणी गुरुजी निलंबितही झाले. (जे खरोखर दिव्यांग आहेत त्यांना नाहक हेलपाटे पडले, पण त्यांचं कोण ऐकतो?)

कान तपासायचं शास्त्र आपल्याकडे आहे, हे यातून सिद्ध झालं. बेरा चाचणीत आवाजाला मेंदूने दिलेला प्रतिसादच यंत्र टिपतं. तिथे बहिऱ्याचं सोंग चालत नाही. आता त्याच गुरुजींच्या वर्गात या. आरोग्य तपासणीचा दिवस. डॉक्टर विचारतात, ‘नाव काय रे?’ पोरगा नाव सांगतो. कार्डावर लिहिलं जातं, ‘कान : नॉर्मल’. चला, पुढचा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. अठरा वर्षांपर्यंतची मुलं, सुरुवातीला तीस व्याधी, त्यांत कानाच्याही. शाळेत वर्षातून एकदा पथक येणार. योजना चांगली आहे, हे टोमणा न मारता सांगतो. पण पथकाच्या साहित्याची यादी पाहा. घंटा आहे, खुळखुळा आहे, तान्ह्यांना चिमटीत धरता येतं का ते बघायला मनुकांची बाटलीसुद्धा आहे. थोरल्या मुलांसाठी डोळ्यांचा तक्ता आहे, रक्तदाबाचं यंत्र आहे. हेडफोन लावून आवाज बारीक करत नेणारा ऑडिओमीटर मात्र नाही. मनुका मिळाल्या, हे काय कमी आहे?

नाव विचारून कान कळत नाही. समोर बसलेल्या डॉक्टरचे ओठ दिसतात आणि प्रश्न पाठ असतो. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर दणकट, ते पोचतातच. ‘स’, ‘फ’, ‘थ’ ही बारीक व्यंजनं वाटेत गळतात. गुरुजी फळ्याकडे तोंड करून ‘साठ’ म्हणतात, पोरगा ‘आठ’ लिहितो. खरं तर या मुलाची चाचणी दर आठवड्याला होते, तिला श्रुतलेखन म्हणतात. निकाल लाल शाईत येतो, शेरा असतो ‘लक्ष नाही’. घरी पोचेपर्यंत त्याचा ‘मठ्ठ’ होतो.

यातलं बरंचसं बरं होणारं असतं. सर्दीनंतर पडद्यामागे साचलेलं पाणी, घट्ट झालेला मळ, वर्षानुवर्षं वाहणारा आणि घरच्यांनी कोमट तेल ओतून आणखी बिघडवलेला कान. गालगुंडाने एक कान कायमचा जातो तेव्हाही निदान बाक बदलता येतो. पण हे मूल कायद्याच्याही कानी पडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कमी ऐकू येणं’ सुरू होतं साठ डेसिबलपासून, तेही दोन्ही कानांत. एका कानाने ठार बहिरा असलेला मुलगा सरकारदरबारी साबूत! जन्मतः बहिऱ्या बाळाच्या कॉक्लिअर इम्प्लांटला सरकार लाखो रुपये देतं. द्यावेतच. फक्त त्या शस्त्रक्रियेनंतर फोटो चांगला येतो. कानातला मळ काढताना काही येत नाही.

हाच मुलगा पंधराव्या वर्षी ढोल गळ्यात अडकवतो, स्पीकरच्या भिंतीपुढे नाचतो. शाळेभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, दिवसा मर्यादा पन्नास डेसिबल, अशी पाटी तिथेच असते. बहुधा मंडळाच्या फ्लेक्समागे. दुसऱ्या दिवशी कान वाजतो. सुरुवातीला तो आवाज उतरतो, मग एका वर्षी उतरत नाही. रात्री घर निजलं की डोक्यात कुकरची शिट्टी सुरू. यासाठी सर्वत्र मिळणारा सल्ला एकच : ‘लक्ष देऊ नका.’ लहानपणी लक्ष नाही म्हणून मार खाल्ला, आता लक्ष देतो म्हणून बोलणी.

हा आवाज बंद करणारी खात्रीची गोळी नाही, हे खरं. पण ‘औषध नाही’ म्हणजे ‘इलाज नाही’ नव्हे. श्रवणशक्ती मोजणं, गरजेप्रमाणे श्रवणयंत्र, रात्री पंख्यासारखा मंद आवाज, झोपेची घडी आणि त्या आवाजाची धास्ती कमी करणारं समुपदेशन यांनी त्रास पुष्कळ आटोक्यात येतो. कायद्यातल्या एकवीस दिव्यांगत्वांत कान वाजणं नाही; म्हणून ना प्रमाणपत्र, ना बदली. निदान सोंग घेणारे तरी इकडे फिरकणार नाहीत.

पालकहो, पुढच्या तपासणीनंतर कार्ड मागून घ्या. ‘कान : नॉर्मल’ असेल तर कोणत्या यंत्रावर तपासलं ते विचारा. उत्तर आलं नाही तर जिल्हा रुग्णालयात नेऊन ऑडिओमेट्री करून घ्या. आणि तुमचाच एक कान अचानक बंद झाला किंवा नाडीच्या ठेक्यावर वाजू लागला, तर ‘उतरेल’ म्हणत बसू नका. अचानक गेलेल्या कानावरचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच तो परत येण्याची आशा जास्त असते.