शंभर माणसं, एकच माईक

परवाच्या रविवारी शेजारच्या घरी बसून एक ऑनलाइन वधू-वर परिचय मेळावा पाहिला. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. समोर चटईवर आई-बाप आणि इस्त्रीची साडी नेसलेली लेक. वेळ सकाळी अकराची. कापसाच्या वेचणीचे दिवस, म्हणजे त्या घराने तिघांच्या अर्ध्या दिवसाच्या कामावर पाणी सोडलं होतं.

पहिला पाऊण तास दीपप्रज्वलन आणि स्वागतात गेला. मग चार मान्यवरांची मनोगतं. सव्वाला मुलीचं नाव पुकारलं. तिने नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं आणि गावाचं नाव घेईपर्यंत रेंज गेली. बाप मोबाईल घेऊन अंगणात धावला. "आवाज येऊन राहिला का?" दोनदा ओरडला. कोणालाच ऐकू गेलं नाही, कारण आयोजकांनी सगळ्यांना म्यूट करून ठेवलं होतं. तोवर पुढचं नाव पुकारलंही गेलं.

संध्याकाळी किनवटहून मुलीच्या आत्याचा फोन आला. तिच्या पाहण्यात एक मुलगा होता. बोलता बोलता कळलं की तो मुलगाही सकाळी त्याच मेळाव्यात बसला होता. दोन्ही घरं तीन तास एका पडद्यावर होती आणि एकमेकांशी अवाक्षर बोलली नाहीत. जे मेळाव्याला जमलं नाही ते आत्याने दोन फोनांत केलं.

असे मेळावे घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: झूम घ्यायचं की गूगल मीट? प्रश्नच चुकीचा आहे. आधी विचारायला हवं, आलेल्या माणसाला कोणाशी बोलायचं आहे? आपल्याकडे माणसं जमण्याच्या दोन जुन्या रीती आहेत, सभा आणि बाजार. सभेत एक बोलतो, बाकीचे ऐकतात. बाजारात ज्याला ज्याच्याशी काम तो त्याच्याकडे जातो, दोन शब्द बोलतो, पटलं तर थांबतो, नाही तर पुढे सरकतो. ओळखी वाढवायच्या तर बाजार भरवावा लागतो. आपण जाहिरात बाजाराची करतो आणि लोकांना सभेत कोंडतो.

आमच्या तामसीसारख्या गावाला असा ऑनलाइन बाजार जास्त लागतो, त्याला कारण आहे. 1956च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्यातले मराठी तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. तामसी इकडेच, आदिलाबाद जिल्ह्यात राहिली, आधी आंध्र प्रदेशात, 2014पासून तेलंगणात. पण सोयरीक हद्द पाहून होत नाही. लेकी पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात दिलेल्या, सुना नांदेड जिल्ह्यातून आणलेल्या. 2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, राज्यांच्या हद्दींवर नाके बसले, आणि तासाभराच्या वाटेवरचं माहेर परमुलुख झालं. त्या दिवसांत मोबाईलवरची भेट हाच आधार होता. तो आधार आता टिकाऊ करायचा, तर त्याची घडी नीट बसवली पाहिजे.

घडी बसवणं अवघड नाही. फुकटातली झूम बैठक 40 मिनिटांत तुटते. गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले तर फुकटात तासभर मिळतो. दोन्हीकडे शंभर जणांची मर्यादा. आपले लोक या मर्यादेला अडचण समजतात, पैसे भरून ती वाढवतात आणि वाढलेल्या वेळात आणखी दोन भाषणं बसवतात. मला तर 40 मिनिटं पुरेशी वाटतात. झूममध्ये एका बैठकीच्या वेगवेगळ्या खोल्या करता येतात. तीस घरं आली तर पाच-पाच घरांच्या सहा खोल्या करा. दहा मिनिटांनी घरं फिरवा. तीन फेऱ्यांत प्रत्येक घर बारा घरांशी तोंडाने बोललेलं असेल. स्वागत दोन मिनिटांत उरका. सत्काराचं पडद्यावर काही काम नाही.

आणि खोलीगणिक एक जाणतं माणूस हवंच. आपल्याकडे मुलीचा बाप पहिला बोलत नाही, त्याला बोलतं करावं लागतं. "तुमच्याकडे पऱ्हाटी कशी आहे औंदा?" एवढं कोणी विचारलं की गाडी सुरू होते. हे काम कोणत्याही ॲपकडून व्हायचं नाही. ते किनवटच्या आत्याचंच काम आहे. तिला मान्यवरांच्या यादीत घाला.

व्हिडिओचा हट्टही सोडावा. आवाजाच्या कॉलला व्हिडिओपेक्षा पुष्कळच कमी डेटा लागतो आणि रेंज अर्धवट असली तरी बोलणं समजतं. ओळख झाल्यावर चेहरे पाहायला वेगळा कॉल करता येतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलमध्ये 32 जण मावतात, आणि ते ॲप म्हाताऱ्यालाही हाताळता येतं. लिंक, पासवर्ड, वेटिंग रूम हे सगळं त्याच्यापुढे टाकलं की तो नातवाची वाट पाहत बसतो.

आता शेतीकडे येतो, कारण तिथे सरकारने एक गोष्ट बरोबर केली आहे. 2024च्या मार्चमध्ये तेलंगणा सरकारने 'रैतू नेस्तम' सुरू केलं, 110 रैतू वेदिकांपासून, म्हणजे शेतकऱ्यांच्या सभागृहांपासून. शेतकरी आपल्या भागातल्या वेदिकेत जमतात, समोर मोठा पडदा, पलीकडे हैदराबादचे शास्त्रज्ञ आणि अधिकारी. घरोघर मोबाईलशी झुंजण्यापेक्षा हे शंभरपट बरं. एकाला ऐकू आलं नाही तर शेजारचा सांगतो. कार्यक्रम संपल्यावर माणसं तिथेच रेंगाळतात, आणि कोणाच्या तुरीवर काय फवारलं हे त्या रेंगाळण्यातच कळतं. गावासाठी याहून चांगली रीत मला माहीत नाही: गावातली माणसं एकत्र, लांबचा माणूस पडद्यावर.

खोट एकच, पण मोठी. तिथलं बोलणं तेलुगूत. पोरं तेलुगू शिकली, त्यांना अडत नाही. साठीपुढच्या ज्या शेतकऱ्याचं सगळं आयुष्य मराठीत गेलं तो मात्र गप्प बसतो. त्याला विचारायचं असतं की कापसातला ओलावा 12 टक्क्यांवर गेला तर भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) घेत नाही, मग वेचलेला कापूस किती दिवस वाळवायचा? प्रश्न त्याच्या पोटात राहतो. तिकडे परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ शेतकरी-शास्त्रज्ञ संवाद ऑनलाइन घेतं, स्वच्छ मराठीत. किनवटची काळी जमीन आणि आमची काळी जमीन एकच, बोंडअळीही एकच. पण नोंदणी, अनुदान, खरेदी केंद्र यांची माहिती मिळणार ती हैदराबादहूनच. तेव्हा तामसीच्या शेतकऱ्याला दोन्ही हवेत, आणि दोन्हीमध्ये दुवा हवा. वेदिकेत दोन्ही भाषा येणारा एक पोरगा पडद्याशेजारी उभा करा. प्रश्न आधी मराठीत गोळा करा, त्याने ते तेलुगूत विचारावेत आणि उत्तर मराठीत सांगावं. याला निधी लागत नाही.

माहिती पोचवण्यात आपण मुळात कच्चे नाही, हेही सांगतो. टिपेश्वरच्या अभयारण्यातला वाघ पैनगंगा ओलांडून भीमपूर-तामसीकडे उतरतो, तेव्हा पाहा. कोणी शिवारात पंजा पाहतो, वीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतो: कुठल्या शेताजवळ, किती वाजता, कोणत्या दिशेने. दोन्ही काठांवरच्या गावांत बातमी पोचते, बायका वेचणीला एकट्या जात नाहीत. त्या वीस सेकंदांत प्रास्ताविक नसतं. काम खरं असलं की माणसं योग्य रीत आपोआप निवडतात.

एका बाबतीत मात्र कान धरूनच सांगायला हवं. मेळाव्याआधी मुलींचे फोटो, जन्मतारखा आणि फोन नंबर एका पीडीएफमध्ये घालून पाच-पाच ग्रुपवर फिरवले जातात. बैठकीचं रेकॉर्डिंगही होतं आणि ते पुढे कुठवर जातं हे कोणाला ठाऊक नसतं. अनोळखी माणसाचा रात्री अकराला फोन आला तर तो त्या पोरीला झेलावा लागतो, आयोजकाला नाही. मुलीच्या होकाराशिवाय तिचा नंबर कोणालाही देऊ नका. दोन्ही घरांनी हो म्हटल्यावर त्या दोन घरांनाच एकमेकांचे नंबर द्या. रेकॉर्डिंग बंद ठेवा.

माझ्या शेजारच्या मुलीचं अजून ठरलेलं नाही. आत्याने सांगितलेल्या मुलाच्या घरच्यांशी बुधवारी रात्री आठला, वेचणीहून परत आल्यावर, साध्या फोनवर बोलणं झालं. मुलगी स्वतः वीस मिनिटं बोलली. पुढचा मेळावा घेणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे: पत्रिका छापण्याआधी यादीतल्या पाच घरांना फोन लावा, त्यांना कोणती वेळ सोयीची आणि कोणाशी बोलायचं आहे ते विचारा, आणि मगच लिंक पाठवा.