वादळाला मुंबईचा पत्ता सापडला नाही

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाच्या चक्रीवादळाने धंद्याच्या दृष्टीने अत्यंत चुकीचा निर्णय घेतला. सगळी तयारी मुंबईत झाली होती. गेटवेला ओबी व्हॅन, वरळीला ओबी व्हॅन, जुहूच्या वाळूत रुतलेली आणखी एक. स्टुडिओच्या कोपऱ्यात उलटे आकडे मोजणारं घड्याळ. पडद्यावर एवढा मोठा भोवरा, की त्याच्याखाली डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत सगळं झाकलं जावं. एवढा थाट मांडल्यावर पाहुण्याने काय करावं? तर हे महाशय उतरले श्रीवर्धन-दिवेआगरला! तिथे ना कॅमेरा, ना सेलिब्रिटीचं घर. वर वीज आणि मोबाइलचे टॉवर दोन्ही आडवे झाल्याने ‘आपल्यासोबत फोनलाइनवर जोडले गेलेत’ एवढं म्हणायचीही सोय उरली नाही.

यात हवामान खात्याचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. खात्याने आदल्या दिवशीच आपल्या नेहमीच्या रुक्ष भाषेत कळवलं होतं, की वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडेल, वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. आता हे वाक्य न्यूजरूममध्ये कसं वाचलं जातं? एका टोकाला हरिहरेश्वर, दुसऱ्या टोकाला दमण, मधोमध काय? मुंबई! राहता राहिलं अलिबाग. पण समोरचा जरा भोळा दिसला की ‘अलिबागसे आया है क्या’ असं विचारायची मुंबईला इतकी सवय, की वादळ खरोखरच अलिबागला चाललंय हे कुणाच्या डोक्यातच शिरलं नाही.

मग ‘१२९ वर्षांत पहिल्यांदाच’ ही पट्टी फिरायला लागली. म्हणजे १८९१ नंतर थेट २०२०. मधल्या काळात २२ नोव्हेंबर १९४८ ला मुंबईला एक वादळ झोडपून गेलं होतं. ते सोडा, तेव्हा टीव्ही नव्हता. पण ‘फयान’? ते ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग आणि मुंबईच्या मधोमध किनाऱ्यावर आलं, आणि तेव्हा टीव्ही चांगला जोरात होता. अकरा वर्षांपूर्वीचं वादळ विसरायचं आणि १२९ वर्षांपूर्वीचं लक्षात ठेवायचं, याला वाहिन्यांच्या परिभाषेत संशोधन म्हणतात. बारकाईने पाहिलं तर मूळ विधान ‘जून महिन्यात, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर’ अशा दोन-तीन अटींसह होतं. पट्टीत अटी मावत नाहीत.

मैदानातल्या प्रतिनिधीचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. सव्विशी-सत्ताविशीचं पोरगं. रेनकोट वाहिनीचा, त्यामुळे दोन माप मोठा. बूमला प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधलेली, तरी लोगो दिसलाच पाहिजे म्हणून पिशवी पारदर्शक. कानात स्टुडिओतला आवाज ओरडतोय, ‘वारा दाखव, वारा!’ आता वारा कसा दाखवायचा? म्हणून ते बिचारं तिरकं उभं राहतं, एका हाताने टोपी धरतं, आणि शब्दाशब्दाला धापा टाकत ‘मी… जर… आपल्याला… दाखवलं…’ असं बोलू लागतं. नेमका त्याच वेळी मागून एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत, दुसऱ्या हाताने फोनवर बोलत, सरळ ताठ चालत निघून जातो. कॅमेरामन चटकन फ्रेम डावीकडे वळवतो. डावीकडे एक फांदी पडलेली असते. पुढचे चार तास महाराष्ट्र ती फांदी बघतो. संध्याकाळपर्यंत ती फांदी घरातल्यांना ओळखीची होते.

हे तंत्र आपण शोधलेलं नाही. अमेरिकेत २००५ साली न्यू जर्सीतल्या पुराचं वार्तांकन एक बातमीदार बाई होडीत बसून, वल्हं मारत करत होत्या. तेवढ्यात कॅमेऱ्यापुढून दोन माणसं घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेली. २०१८ च्या ‘फ्लॉरेन्स’ वादळात एक बुवा वाऱ्याशी झुंजत, पाय फाकवून, आता उडतो की मग उडतो अशा बेताने उभे होते आणि मागून दोघं खिशात हात घातल्यासारखे निवांत गेले. आपण मात्र या कलेला पुढच्या पायरीवर नेलं. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ कच्छच्या जखाऊ बंदराकडे निघालं होतं, तेव्हा एका हिंदी वाहिनीच्या निवेदिका वातानुकूलित स्टुडिओत छत्री उघडून हेलकावे खाताना देशाने पाहिल्या. यात नुकसान कुणाचं नाही, भिजायचा धोका नाही, कुत्रं फिरवणारा माणूस मध्ये येत नाही. प्रतिनिधीला किनाऱ्यावर पाठवायचा खर्चही वाचतो. मला तर हाच मार्ग माणुसकीचा वाटतो.

तर निसर्गकडे परत येऊ. दुपार उलटली, मुंबईत म्हणावं तसं काही झालं नाही, आणि वाहिन्यांचा आवाज एकदम उतरला. लग्नात नवरदेव दुसऱ्याच हॉलवर गेल्याचं कळल्यावर बँडवाले जसे खुर्च्यांवर बसून घाम पुसतात, तसं सगळं झालं. मग पट्टी आली: ‘मुंबई थोडक्यात बचावली’. त्याखाली ‘धोका टळला’. पाठोपाठ आभाराचे कार्यक्रम. मुंबादेवीने तारलं, सह्याद्रीने तारलं, मुंबईच्या स्पिरिटने तारलं. धोका टळला म्हणजे तो कुणाच्या तरी अंगावर गेला असेल, हे चॅनेलच्या भूगोलात बसत नाही. तो नुसता टळतो. हवेत विरतो.

तिकडे श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा, खाली मंडणगड, दापोलीपर्यंत कौलं पत्त्यांसारखी उडाली होती. पण बातमीच्या दृष्टीने खरी पंचाईत वाड्यांची झाली. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. वाडी म्हणजे उंच नारळ, त्याच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढलेला मिरवेल, खाली जायफळ, मधून पाटाचं पाणी. आजोबांनी लावायचं, नातवाने खायचं, असा हिशेब. ते सगळं दोन-तीन तासांत आडवं. पोफळी म्हणजे सडपातळ झाड. बरीचशी मधोमध मोडली, काही मुळासकट निघाली, आणि नारळ तिच्यावर पडल्याने कोण कुणाखाली आहे हेही कळेना. याचं दृश्य काय दाखवणार? लाटा नाहीत, उसळणं नाही, कोसळणं होऊन गेलेलं. पडलेलं झाड पडूनच राहतं, त्याला ॲक्शन नाही.

मग पंचनामा सुरू होतो. पंचनामा ही चीज टीव्हीवर कधीच लाइव्ह दाखवली जात नाही. माझ्या मते तिच्याइतकी नाट्यमय गोष्ट दुसरी नाही.

‘क्षेत्र किती?’

‘आठ गुंठे, भाऊसाहेब.’

‘हेक्टरात सांगा.’

‘हेक्टर आमच्या आळीत कुणाकडेच नाही हो.’

‘बरं. ही अर्धी मोडलेली कुणाची?’

‘आमचीच.’

‘शेंडा कुठाय?’

‘शेंडा शेजारच्या काकांच्या वाडीत पडलाय.’

‘मग तो त्यांच्या पंचनाम्यात बघू.’

विनोद बाजूला ठेवा, हिशेब खरा आहे. भरपाई हेक्टरी होती. फळबागेला आधी मिळायचे १८ हजार, निसर्गनंतर सरकारने मोठ्या मनाने ते ५० हजार केले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. मर्यादेची काळजी श्रीवर्धनात कुणाला नव्हती. वाड्या गुंठ्यांत, आणि त्यातही चुलत्या-पुतण्यांचे हिस्से. आठ गुंठ्यांचे ५० हजारांच्या दराने झाले साधारण चार हजार रुपये. तेवढ्यात पडलेले माड कापून बाजूलाही करून मिळत नाहीत. पुढे ओरड झाली, तेव्हा झाडागणिक भरपाई ठरली: नारळाला २५०, पोफळीला ५० रुपये. नवं रोप लावलं तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं. ही बातमी कुठे लागली? ‘सुपरफास्ट शंभर’मध्ये लागली, साठ-सत्तरच्या आसपास, निवेदकाने श्वास न घेता वाचली. ज्या स्थानिक बातमीदाराने ती पाठवली, त्याला बातमीमागे पैसे मिळतात, महिन्याचा पगार नाही. त्याच्या स्वतःच्या घराचे पत्रे कुठे गेले, हे त्याला स्टुडिओतून कुणी विचारलं नाही. काही गावं त्यानंतर कित्येक आठवडे अंधारात होती, त्यामुळे आपली बातमी लागली की नाही हे तिथल्या लोकांनाही कळलं नाही. ही एका अर्थी सोयच.

वर्षभरात ‘तौक्ते’ आलं. त्याने निसर्गची चूक सुधारली, निदान असं वाटलं. १७ मे २०२१ ला कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि दिवसभर मुंबईच्या किनाऱ्यावर प्रतिनिधी समुद्राकडे पाठ करून उभे होते. त्याच समुद्रात, बॉम्बे हायच्या भागात, ‘पी-३०५’ नावाचा तराफा नांगर तुटून भरकटत होता. त्यावर २६१ माणसं होती. संध्याकाळी तो बुडाला. सत्तरहून जास्त जण गेले. वादळाचा इशारा सगळीकडे पोहोचला होता, दिवसदिवस तोच चालू होता, तरी तराफा समुद्रात कसा राहिला, हा प्रश्न विचारायला पडद्यावर जागा होती. पण तोपर्यंत वादळ गुजरातकडे गेलं होतं, आणि भोवराही त्याच्याबरोबर.

इशारा देऊच नये असं माझं म्हणणं नाही. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच किनाऱ्यावर २०१९ ला ‘फनी’ येण्याआधी बारा लाख लोक हलवले आणि बळींचा आकडा दोन अंकी राहिला. ते काम कंटाळवाण्या बुलेटिनांनी, भोंगे घेऊन फिरणाऱ्या रिक्षांनी आणि दारोदार गेलेल्या स्वयंसेवकांनी केलं. त्यात पार्श्वसंगीत नव्हतं. आपल्याकडे मात्र दर मे-जूनला महासंकट येतं, तांडव करतं, थैमान घालतं आणि संध्याकाळी टळतं. चार वेळा टळलेलं संकट पाचव्यांदा खरंच आलं, तर माणूस कौलं आवळायला शिडीवर चढेल की चहा टाकेल? माझा अंदाज चहाचा आहे.

वादळांची तक्रार करून उपयोग नाही, त्यांच्यासमोर चांगला आदर्श ठेवायला हवा. असा आदर्श आपल्याकडे आहे: ६ जून १८८२ चं मुंबईचं वादळ. त्यात लाखभर माणसं मेल्याचं जगभरच्या आपत्तींच्या याद्यांमध्ये वर्षानुवर्षं छापून येत होतं. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्तीच पावणेआठ लाखांच्या घरात, म्हणजे जवळपास दर आठातलं एक माणूस गेलं म्हणायचं. कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला, तेव्हा असं वादळ झाल्याचा पुरावाच सापडला नाही. बहुधा ते आलंच नव्हतं. एक लाख बळी, थेट मुंबई, आणि एकही पंचनामा नाही! कुणाची पोफळ मोडली नाही, कुणाचा शेंडा शेजाऱ्याकडे गेला नाही, भरपाईची फाइल तहसीलदाराच्या टेबलावर अडकली नाही. त्याची शंभरी कुणी साजरी केली नाही, दीडशेवं वर्ष मात्र २०३२ ला येतंय. वाहिन्यांनी ओबी व्हॅन आत्ताच बुक करून ठेवाव्यात, जूनमध्ये भाडं वाढतं.